पडवीच्या कठड्याला लाकूड कोणतं? (परिसर अभ्यास, इयत्ता 4 थी-5 वी)



कोकणातल्या जुन्या घराची पडवी डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याचं जोतं, तीन-चार पायऱ्या, वर कौलांचा उतार आणि पुढच्या बाजूला लाकडी कठडा. आजोबा त्याला टेकून पेपर वाचतात, त्याच्यावर ओला टॉवेल वाळत पडतो आणि पोरं गजांत पाय अडकवून वर चढतात. घरातल्या सगळ्या लाकडांत ऊन-पाऊस जास्त खाणारं आणि पोरं जास्त अंगावर घेणारं लाकूड हेच.

आमच्या गावच्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना असे कठडे आहेत. उजवा सासऱ्यांच्या वडिलांनी बसवलेला. डावा सहा वर्षांपूर्वी आम्ही नवीन करून घेतला. गेल्या मे महिन्यात माझी सात वर्षांची पुतणी डाव्या कठड्याला रेलून अंगणातल्या कोंबड्यांना हाका मारत होती. अचानक अख्खा कठडा खांबासकट बाहेर कलला आणि पोर खाली अंगणात. जोतं अडीच फुटांचं आणि खाली मातीचा ढीग होता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. त्याच वेळी उजव्या कठड्यावर तिचे दोन भाऊ चढून बसलेले होते. तो जागचा हलला नाही.

नवा कठडा ‘सागवान’ म्हणूनच घेतला होता. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या, पण नंतर नीट बघितलं तर निम्मी चूक आमचीच निघाली. ती कशी, ते सांगते, कारण पुढचा सगळा पाठ त्यातूनच तयार झाला. वर्गात घेताना मुलं तासाची घंटा विसरली होती.

आधी जुनं लाकूड वाचायचं

सुतारकाका आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “काका, या खेपेला चांगलं साग कुठे मिळेल?” ते म्हणाले, “बाई, सागाचं नंतर बघू. आधी हे कुजलंय कुठे ते बघूया.” त्यांनी पटाशी घेतली आणि मोडलेल्या कठड्याला जागोजागी टोचत सुटले. जिथे लाकूड धड होतं तिथे पटाशी जेमतेम रुतायची. जिथे कुजलं होतं तिथे ओल्या पावात गेल्यासारखी आत जायची.

कुजकं लाकूड तीन ठिकाणी सापडलं. पहिलं म्हणजे खांबांचे पाय. नवे खांब आम्ही फरशी फोडून सिमेंटमध्ये गाडले होते. सिमेंटच्या वरचं खांबाचं लाकूड ठणठणीत आणि आतलं चार-पाच इंच भुगा. दुसरं, खालच्या आडव्या पट्टीतली गजांची भोकं. आणि तिसरं वरच्या पट्टीची एक कड, जिथे लाकडाचा रंग फिकट पांढरट होता. बाकीची तपकिरी पट्टी शाबूत.

उजव्या, जुन्या कठड्याचीही तीच तपासणी केली. तो फक्त एका टोकाला मऊ लागला. वर बघितलं तर तिथेच पन्हळ गळत होती.

वर्गात हे करायला मोडका कठडाच पाहिजे असं नाही. शाळेचं जुनं बाक, पडकी चौकट, कुंपणाचा खांब, काहीही चालेल. मुलांना दाभण किंवा जाड खिळा द्या आणि कुठे रुततो, कुठे रुतत नाही याचा नकाशा वहीत काढायला सांगा. मग विचारा, रुततो तिथेच पाणी का थांबत असेल? (दाभण मोठ्या मुलांच्याच हातात, आणि आपण शेजारी उभं राहून.)

कुजणं म्हणजे काय

‘लाकूड पाण्याने कुजतं’ असं आपण म्हणतो. खरं तर ते बुरशीने कुजतं. बुरशीला जगायला लाकूड हे अन्न, हवा आणि ओलावा हे तिन्ही लागतं. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पाऊस पडून गेला आणि लाकूड चटकन वाळलं तर काही बिघडत नाही. ते दिवसेंदिवस ओलं राहिलं की बिघडतं. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यात फटीत शिरलेलं पाणी वाळायला सवडच मिळत नाही.

यावर एक हुशार मुलगा हमखास विचारतो, मग पाण्याखालचं लाकूड? पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवाच मिळत नाही, म्हणून बुरशीचं काही चालत नाही. जुन्या विहिरी बांधताना तळाला उंबराच्या लाकडाचं कडं घालत, ते याच आधारावर. तेच उंबर पडवीच्या कठड्याला लावा, दोन पावसाळ्यांत हातात येईल.

टक्केवारी मुलांना अशी दाखवा. समजा, लाकडाचा ओला तुकडा 260 ग्रॅम भरला आणि पूर्ण सुकल्यावर 200 ग्रॅम. पाणी 60 ग्रॅम. भागायचं सुक्या वजनाने, म्हणजे ओलावा 30 टक्के. ओल्या वजनाने भागायची चूक मोठी माणसंही करतात.

गाभा आणि भोवतालचं लाकूड

झाडाचा आडवा काप बघा. मधला भाग गडद दिसतो, सालीच्या आतलं कडं फिकट. पुस्तकात मधल्या भागाला मध्यकाष्ठ आणि फिकट भागाला रसकाष्ठ म्हणतात. रसकाष्ठातून मुळांचं पाणी वर चढतं, त्यात झाड पिठूळ अन्न साठवून ठेवतं. बुरशीला आणि पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना हे आयतं ताट. झाड वाढतं तसा आतला भाग काम थांबवतो आणि त्यात झाड स्वतःची रसायनं भरून ठेवतं. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचा पदार्थ असतो, वाळवीला तो मानवत नाही. सागाची कीर्ती आहे ती या गाभ्याची. त्याच सागाचं पांढरं रसकाष्ठ इतर कुठल्याही लाकडासारखंच लवकर जातं.

आमच्या पट्टीची पांढरी कड का कुजली, ते आता कळलं. दुकानदार खोटं बोलला नव्हता, लाकूड सागाचंच होतं. पण लागवडीतलं, लवकर तोडलेलं कोवळं झाड असेल तर त्यात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त येतं. वर पॉलिश मारलं की दोन्ही एका रंगाचं दिसतं. म्हणून पालकांना एकच सांगणं, लाकूड बघायचं ते रंग-पॉलिश लावायच्या आधी, आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं बघायची. पांढरी कड दिसली तर तो तुकडा आतल्या कपाटाला वापरा, कठड्याला नको.

वर्गात मी विचारलं होतं, ‘कोणतं लाकूड जास्त टिकेल?’ जवळजवळ सगळे म्हणाले, ‘जड असेल ते.’ याला तपासून बघायची सोय आहे. सर्व बाजू 10 सेंटिमीटर असलेला ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. तेवढं पाणी 1000 ग्रॅम. सागाचा सुका ठोकळा साधारण 600 ते 700 ग्रॅम भरतो, ऐनाचा 800 च्या पुढे, काटेसावरीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. इथपर्यंत मुलांचं म्हणणं बरोबर वाटतं. मग आंब्याचा ठोकळा ठेवा. तो वजनाला सागाच्या जवळपास जातो, आणि बाहेर पावसात मात्र लवकर कुजतो, भुंगेरा तर आधीच लागतो. काट्यावर दोन्ही सारखे, पण आंब्यात सागासारखं संरक्षण नाही. इथे मुलं गोंधळतात, आणि गोंधळू द्यावं.

मग कोणतं झाड?

साग पहिला, पण जुना गाभा मिळाला तरच. कोकणात आता बरीच जुनी घरं उतरवली जातात आणि त्यांचे खांब, वासे, तुळया विकायला येतात. असं लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं, पिळायचं-आखडायचं तेवढं पिळून झालेलं असतं. आतले खिळे मात्र चुंबक फिरवून शोधावे लागतात, नाहीतर सॉमिलवाला पातं तुटल्याचे पैसे आपल्याकडूनच घेतो. वाळवीची पोकळी आहे का ते ठोकून आवाजावरून कळतं.

ऐन आणि किंजळ ही आपल्या रानातली मजबूत झाडं. जुन्या घरांच्या वाशांत ती सर्रास दिसतात. दोन्हींची अडचण एकच, वाळताना चिरा पडतात आणि लाकूड पिळतं. ओलं ऐन आणून लगेच गज केले, तर पुढच्या उन्हाळ्यात ते भोकांत खुळखुळायला लागतील. फणसाचा पिवळा गाभा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. रंध्याखाली नीट चालतो, वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि वर्षागणिक पिवळ्याचा तांबूस-तपकिरी होतो. आंबा, सावर, निलगिरीच्या कोवळ्या बल्ल्या, पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन हे कठड्याला नकोच. बाजारात ‘मलेशियन साल’ म्हणून लाकूड मिळतं, त्या एका नावाखाली वेगवेगळ्या जातींची लाकडं येतात, त्यामुळे नावावर न जाता तुकडा बघूनच ठरवावं.

एक गोष्ट पालकांसाठी. झाड आपल्या परड्यातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर, जांभूळ ही सगळी आहेत. वादळात पडलेलं झाड असलं तरी वनखात्यात विचारल्याशिवाय सॉमिलला नेऊ नका.

आम्ही शेवटी काय केलं? खांब आणि दोन्ही आडव्या पट्ट्या जुन्या सागाच्या, गज फणसाचे. फणस 2021 च्या तौक्ते वादळात पडलेला. त्याच्या फळ्या माळ्यावर होत्या, सासऱ्यांनी प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून रचल्या होत्या, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागेल. नाहीतर फळ्या एकावर एक चिकटवून ठेवल्या की मधे बुरशी धरते.

पाणी कुठून शिरतं, कुठून जातं

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समजा. नळ्यांची उघडी तोंडं तुकड्याच्या दोन टोकांना असतात. म्हणून टोकातून पाणी जितक्या वेगाने आत जातं, तितकं बाजूने जात नाही. हा प्रयोग सोपा आहे. एकाच पट्टीचे सारखे दोन तुकडे करा. एकाच्या दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण जाड लावा. दोन्हींची वजनं घ्या, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कुठल्या तुकड्याने जास्त पाणी प्यायलं ते आधी मुलांना लिहायला लावा, मग काटा दाखवा.

आता कठड्याकडे या. गजांची खालची टोकं कुठे बसतात? खालच्या पट्टीच्या भोकात, म्हणजे जिथे पाणी साठतं नेमकं तिथेच. खांबाचं टोक कुठे? आमच्या बाबतीत सिमेंटच्या खड्ड्यात, जिथून पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. जुन्या घरात लाकडी खांब कधीच जमिनीत गाडलेला दिसणार नाही. खाली दगडी तळखडा असतो, खांब त्याच्यावर उभा. तळखडा शोभेचा म्हणून आम्ही डाव्या बाजूचे दोन काढून टाकले होते! एक तुळशीपाशी पडला होता, दुसरा नव्याने घडवून घ्यावा लागला. ही ती आमची निम्मी चूक.

या खेपेला वरच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिला. खालच्या पट्टीलाही वरून दोन्हीकडे उतार आणि गजाच्या भोकाखाली पाणी निथळायला बारीक छिद्र. सगळी टोकं बसवण्याआधी तेलात बुडवली. जुन्या कठड्याच्या खालच्या पट्टीला अशीच छिद्रं होती. इतकी वर्षं आम्ही ती किडीची समजत होतो.

खिळ्यांचंही सांगते. साग, ऐन, खैर या लाकडांत टॅनिन असतं. ओल्या लाकडात लोखंडी खिळा मारला की दोन्हींची रासायनिक क्रिया होऊन काळा डाग पडतो आणि खिळाही गंजून झिजतो. वर्गात दाखवायचं तर कडक काळा चहा करा, त्यात गंजका खिळा टाकून दुसऱ्या दिवशी रंग बघा. कठड्याला पितळी नाहीतर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, समुद्राजवळ तर नक्कीच.

गणिताचा तास

कठडा किती उंच आणि गजांमध्ये फट किती, हे लाकडाच्या जातीइतकंच महत्त्वाचं. आमचा जुना कठडा सव्वादोन फुटांचा आहे, मोठ्या माणसाच्या मांडीला लागतो. टेकायला छान, पण चढणाऱ्या पोराला अडवत नाही. नवा सुमारे एक मीटर घेतला. फटीसाठी अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत एक सोपी कसोटी आहे, चार इंचांचा चेंडू कुठूनही आरपार जाता कामा नये. रांगणाऱ्या मुलाचं अंग किंवा डोकं अडकू नये म्हणून ही कसोटी. आपणही तीच धरू.

कठड्याची लांबी 10 फूट, म्हणजे 120 इंच. गज दीड इंच रुंद, 24 गज घेतले. गजांनी व्यापली 36 इंच जागा, उरली 84. गज 24 म्हणजे फटी किती? मुलं 24 किंवा 23 म्हणतात. खांब दोन्ही टोकांना आहेत, म्हणून फटी 25. भागाकार केला की 3.36 इंच. चेंडू जात नाही.

उंची अशी, जमिनीपासून खालच्या पट्टीपर्यंत साडेतीन इंच मोकळे, पट्टी 2 इंच, गज 32 इंच, वरची पट्टी 2 इंच. बेरीज साडेएकोणचाळीस इंच, म्हणजे मीटरभर.

आता लाकूड किती घ्यायचं? लाकूड घनफुटात मोजतात आणि एका घनफुटात 1728 घनइंच. वरची पट्टी 120 × 4 × 2 = 960. खालची 120 × 3 × 2 = 720. गजाला दोन्ही टोकांना एक-एक इंच कुसू धरून लांबी 34 इंच, म्हणून 34 × 1.5 × 1.5 = 76.5, आणि 24 गजांचे 1836. एकूण 3516 घनइंच, म्हणजे दोन घनफुटांना जरा जास्त. खांब वेगळे. करवतीचा आणि रंध्याचा भुसा धरून पाव हिस्सा वाढवून मागवा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, भुशाचेपण पैसे द्यायचे?’ द्यायचे.

रंगाविषयी, पालकांनी जरूर वाचा

जुन्या कठड्यावर जुन्या रंगाचे पापुद्रे असतील तर ते कोरडे घासू नका आणि मुलांकडून तर मुळीच घासून घेऊ नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारा नियम 2016 चा, तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या तेलरंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि कठडा तोंडात धरणारी पोरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. पापुद्रे पाण्याने भिजवून खरवडा, खाली प्लॅस्टिक पसरा, कचरा गोळा करून बांधून टाका, चुलीत जाळू नका. मुलं त्या दिवशी शेजारी.

नव्या लाकडाला आम्ही रंग दिला नाही, जवसाचं तेल दिलं. रंगाचा पापुद्रा तडकला की आत शिरलेलं पाणी त्याच्याखाली कोंडतं, तेलाचं तसं होत नाही. पण तेल दरवर्षी पावसाच्या आधी द्यावं लागतं, हे कबूल करूनच घ्या. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याचे प्रकार होतात. उन्हात पसरून वाळवा, मग टाका.

काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा हवा कोरडी होत जाते, लाकूड आखडून घेतं आणि सांधे नीट बसतात. जून-जुलैमध्ये फुगलेल्या लाकडात बसवलेला गज मे महिन्यात सैल होतो. घरचे दरवाजे पावसात घट्ट का बसतात हा प्रश्न मुलांना इथेच विचारा, उत्तर तेच देतील.

आमच्या शाळेत आता वर्गाच्या खिडकीत सहा तुकडे ठेवलेत. सागाचा गाभा, सागाचं पांढरं, फणस, ऐन, आंबा आणि सावर. प्रत्येकावर नाव आणि आजचं वजन. दर पंधरवड्याला पाचवीची मुलं वजन करून तक्त्यात लिहितात. पावसाळा संपला की ते तुकडे मागच्या अंगणात अर्धे मातीत पुरायचे आहेत आणि पुढच्या वर्षीच्या पाचवीने ते उकरून दाभण टोचून बघायचं आहे. तुमच्याकडे करणार असाल तर एकाच सुताराकडून सारख्या मापाचे तुकडे मागा, कुणीही फुकट देतो.